आंबट-काळे

सत्तरी ओलांडेपर्यंत मला ठाऊक असलेली एकमेव वाइन म्हणजे द्राक्षासव. वैद्यबुवांच्या कपाटातल्या तपकिरी बाटलीतले दोन चमचे, वर तेवढेच पाणी, आणि तेही भूक लागत नाही म्हणून. एवढ्या भांडवलावर मी ग्रीसच्या वाइनविषयी लिहायला बसलो आहे, आणि तेही दिवाळी अंकात! आमचे आप्पाकाका आज असते तर चष्म्यावरून माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले असते, "लिही बाबा. तू शेतकी कॉलेजात शिकलेला. तुला सगळं येतं." या वाक्यात एक टोमणा आहे. तो कशाचा, ते पुढे येईलच.

धाकटी लेक नोकरीनिमित्त दोन वर्षे अथेन्सला होती. "आईबाबा, आता नाही आलात तर कधीच येणार नाही," असे तिने दर रविवारी फोनवर सांगून सांगून शेवटी आम्हा दोघांना विमानात बसवले. अक्रोपोलिस पाहून झाले, गुडघे दुखून झाले, आणि संध्याकाळी ती आम्हाला एका गल्लीतल्या खाणावळीत घेऊन गेली. तिथे या खाणावळीला 'ताव्हेर्ना' म्हणतात. कागद अंथरलेली टेबले, वेताच्या खुर्च्या, दारात झोपलेले मांजर. लेकीने काहीतरी मागवले आणि आम्हाला मराठीत सांगितले, "अर्धा किलो वाइन सांगितलीय."

"किलोनं?" सौ. दचकली. "काय भेंडी आहे का ती?"

पण खरेच, त्या देशात सुटी वाइन किलोच्या हिशेबानेच मागतात. पत्र्याच्या जगमधून ती आली. मी मोठ्या धैर्याने एक घोट घेतला आणि मला घराला रंग देणाऱ्याची आठवण झाली. ती होती रेत्सिना. सव्हातियानो नावाच्या तिथल्या देशी द्राक्षाच्या रसात पाइनच्या झाडाची राळ घालून ती करतात. जुन्या काळी वाइनच्या रांजणांना आतून राळ लावीत, बूड आणि तोंड राळेने बंद करीत. तो वास वाइनमध्ये उतरे. पुढे रांजण गेले, पण लोकांना वासाची सवय झाली होती, म्हणून राळ राहिली. सौ.ने पेला नुसता नाकाशी नेला आणि निर्णय दिला, "देवघरात ठेवायला बरी आहे. धूप नको."

माझा चेहरा पाहून खाणावळीचा मालक हसत आला. पांढऱ्या मिशांचा, माझ्याच वयाचा गृहस्थ. लेकीला म्हणाला, "यांना उद्या दुपारी घेऊन ये. गिऱ्हाईक नसते तेव्हा. मी शिकवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रिकाम्या खाणावळीत माझी शाळा भरली. त्याने पहिला धडा दिला तो पाण्याचा. ग्रीक भाषेत वाइनला आज 'क्रासी' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ 'मिसळणे' या अर्थाचे आहे. प्राचीन ग्रीक लोक मोठ्या भांड्यात वाइनमध्ये पाणी मिसळूनच पीत. निर्भेळ पिणारा तो रानटी, असे त्यांचे मत. दुसरा धडा असा की रिकाम्या पोटी आणि एकट्याने प्यायची नाही. मग त्याने टेबलावर ऑलिव्ह, शेळीमेंढीच्या दुधाचे खारट चीज आणि द्राक्षाच्याच पानात भात गुंडाळलेल्या सुरळ्या मांडल्या. आपल्या अळूवड्यांच्या त्या दूरच्या नातलगच. सौ.चा राग तिथेच निम्मा उतरला. चार पेले आले. प्रत्येकात तळापुरतीच वाइन. "आधी पाहा, मग हुंगा, मग जिभेवर ठेवा. गिळायची घाई नको. मग तुमच्या शब्दांत सांगा, कशासारखी लागते."

माझ्या शब्दांत म्हणजे मराठीतच. लेक दुभाषी झाली.

पहिली वाइन सांतोरिनी बेटावरच्या असिर्टिको द्राक्षाची, फिकट सोनेरी. डोळे मिटून मी म्हटले, "मीठ लावलेली कैरीची फोड." ते भाषांतर ऐकून मालकाने टेबलावर थाप मारली. कैरी त्याला ठाऊक नव्हती, पण मीठ आणि आंबट हे दोन शब्द त्याला पुरले. भर उन्हाळ्यातही या द्राक्षाचा आंबटपणा हरवत नाही, हीच म्हणे त्याची थोरवी. दुसरी मोस्कोफिलेरोची. हे द्राक्ष पेलोपोनीजमध्ये मांतिनियाच्या उंच पठारावर होते. त्याची साल गुलबट, पण वाइन पांढरी. "गुलकंदाची बरणी उघडली," मी म्हटले. तिसरी लाल, नेमेयाची, जिथे हर्क्युलिसने सिंह मारला अशी कथा आहे तिथली. द्राक्षाचे नाव आयोर्यितिको, म्हणजे संत जॉर्जचे. मऊ, गोलसर, पिकल्या आलुबुखारासारखी. समंजस जावयासारखी, कुणाचीच तिच्याविषयी तक्रार नसावी.

चौथा पेला त्याने जरा थांबून पुढे केला. तो स्वतः उत्तरेचा, मॅसिडोनियातल्या नाउसा गावचा, व्हेर्मियो डोंगराच्या पायथ्याचा. ही त्याच्या गावची वाइन आणि द्राक्ष क्सिनोमाव्रो. 'क्सिनो' म्हणजे आंबट, 'माव्रो' म्हणजे काळे. आंबट-काळे! नावातच कोणी लाडीगोडी केलेली नाही. रंग मात्र नावाइतका काळा नाही, विटकरी लाल. घोट घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. इतकी तुरट की मी तोंड वाकडे केले. मालक काही बोलला नाही. त्याने मटणाचा एक तुकडा पुढे सारला. तो खाल्ला, पुन्हा घोट घेतला, आणि आता तीच वाइन वेगळी लागली. उन्हात वाळवलेल्या टोमॅटोसारखा वास, खाली कुठेतरी ओल्या मातीचा, आणि शेवटी एक दीर्घ रेंगाळणारी गोडी.

"आवळा!" मी ओरडलोच. "आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यासारखं."

आवळा म्हणजे काय ते सांगायला लेकीला पाच मिनिटे लागली. पण समजल्यावर तो म्हातारा उठला आणि त्याने माझा हात हातात घेतला. आपल्या पूर्वजांनी षड्रसांत तुरटाला जागा दिली, ती मला त्या दिवशी परक्या खाणावळीत उमगली.

चार दिवसांनी आम्ही सांतोरिनीला गेलो. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटाने या बेटाचा मधला भाग समुद्रात गेला. उरली ती राखेची आणि सच्छिद्र दगडाची चंद्रकोर. पाऊस नावापुरता, वारा बेफाम. मी द्राक्षाचे मळे शोधत होतो आणि ते माझ्या पायाखालीच होते. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल जमिनीवरच गोल गोल वळवून तिची टोपली विणलेली, आणि घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून लपलेले. या टोपलीला 'कुलूरा' म्हणतात. रात्री समुद्रावरून दव येते, तो सच्छिद्र दगड ते शोषून घेतो, आणि तेवढ्यावर वेल जगते.

एक शेतकरी टोपल्यांमधले तण काढत होता. लेकीने त्याला बोलते केले. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड अमेरिकेतून आली आणि युरोपचे मळेच्या मळे वाळले. तेव्हापासून तिथे बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम केल्यावाचून द्राक्ष लावीत नाहीत. पण या बेटाच्या राखेत ती कीड जगत नाही. म्हणून इथल्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांनी टोपली थकली, घड कमी झाले, की ती बुडापासून कापतात. मुळे तशीच ठेवतात. त्याच मुळांतून नवा फुटवा येतो आणि तो पुन्हा विणायचा. म्हणून काही मुळे शेकडो वर्षांची आहेत.

"हॉटेलाला जमीन दिली तर जास्त पैसे मिळत नाहीत का?" मी विचारले. सांतोरिनीवर मळे आटत चालले आहेत आणि हॉटेले वाढत चालली आहेत, हे येतानाच दिसले होते.

"मिळतात," तो म्हणाला आणि तण काढू लागला. मग मान वर करून त्याने विचारले, "तुमच्या देशात द्राक्षं होतात?"

"पुष्कळ!" माझी नाशिककराची छाती फुगली. "आमच्या जिल्ह्यातून परदेशी जातात."

"कुठली जात?"

"थॉमसन. बिनबियांची."

तो हसला. "ती तर सुल्तानिना. क्रीटमध्ये आम्ही तिचे बेदाणे करतो. मी विचारतोय, तुमची कुठली?"

त्याचे खरे होते. ही पूर्वेकडची सुल्तानिनाच अमेरिकेत गेली, कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या गृहस्थाने तिचा प्रसार केला, आणि तिला हे सासरचे नाव मिळाले. तेच नाव घेऊन ती आमच्याकडे आली. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते असे नाही. येत होते, आणि म्हणूनच मी गप्प झालो.

आमची होती भोकरी. तीही कधीकाळी बाहेरूनच आली असेल. पण आमच्या मातीत इतकी मुरली होती की तिचे नावही मराठी झाले होते. पिंपळगावच्या बाजूला आप्पाकाकांचा अर्ध्या एकराचा मळा होता. पांगाऱ्याच्या जित्या खुंटांवर चढवलेल्या वेली, पिवळट हिरवे घड, जाड साल आणि आत बिया. लहानपणी आम्ही भावंडे विहिरीच्या काठावर बसून बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत लावीत असू. १९६९ साली मी पुण्यात शेतकी कॉलेजात होतो. थॉमसनचे पीक नवे होते, भाव चढा होता. मी काकांना चार पानी पत्र लिहिले. आकडेमोड करून, तक्ते काढून. भोकरी उपटा, थॉमसन लावा. काकांचे पोस्टकार्ड आले: "तू शिकलेला. तुझ्या सांगण्याप्रमाणे केले. विहिरीजवळची एक वेल ठेवली आहे. ती तुझ्या काकूने लावलेली."

माझा सल्ला चुकीचा नव्हता, हीच तर अडचण आहे. थॉमसनने कर्ज फिटले, पक्के घर झाले, तिन्ही मुली उजवल्या गेल्या. काकांनी मला कधी दोष दिला नाही. फक्त दर दिवाळीला फराळाच्या ताटावरून ते एकदा म्हणत, "तुला सगळं येतं."

अथेन्सला परतल्यावर खाणावळीच्या मालकाला मी हे सांगितले. त्याने आतून एक बाटली आणली, मालागुझियाची. हे पांढरे द्राक्ष जवळजवळ नामशेष झाले होते. वासिलिस लोगोथेटिस नावाच्या प्राध्यापकाने ते पश्चिमेकडे नाफ्पाक्तियाच्या भागात शोधून काढले, आणि १९७० च्या दशकात व्हांगेलिस येरोवासिलिऊ यांनी हाल्किदिकीच्या मळ्यात ते वाढवून त्याची वाइन केली. आज ते ग्रीसभर लावतात. म्हणजे ज्या सुमारास मी भोकरी उपटायला सांगत होतो, त्याच सुमारास तिकडे एक प्राध्यापक विसरलेली वेल शोधत होता. वाइनला मोगऱ्यासारखा वास होता. मला तो फार वेळ घेववला नाही.

येताना क्सिनोमाव्रोची एक बाटली आणली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलो. मळा आता काकांचा नातू पाहतो. ऑक्टोबरची छाटणी नुकतीच झाली होती. तारांवर उघड्या काड्या, डोळे फुगलेले. रात्री जेवणाबरोबर बाटली उघडली. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले, अगदी माझ्यासारखेच. मग भाकरीचा आणि रश्श्याचा घास खाल्ला, पुन्हा घेतली, आणि म्हणाला, "काका, ही आवळ्यासारखी हो!"

मला बरे वाटले. तेवढ्या बळावर विचारले, "विहिरीजवळची वेल?"

"ती होय? बाहत्तरच्या दुष्काळात गेली म्हणत होते बाबा. विहीर बुजवली, तिथं आता पंपाची खोली आहे."

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग त्याने सहज विचारले, "लागायची कशी ती?"

आता पाहा, चार ग्रीक द्राक्षांची चव मी डोळे मिटून सांगू शकतो. कैरी, गुलकंद, आलुबुखार, आवळा. शब्द मिळाले नाहीत असे एकदाही झाले नाही. आणि ज्या वेलीखाली लहानाचा मोठा झालो, तिची चव सांगताना मी अडखळलो. साल जाड होती, सांगितले. बिया कडू होत्या, सांगितले. गोड होती, पण थॉमसनसारखी नाही; गोडीच्या पाठीमागून काहीतरी यायचे. काय यायचे? ते काही केल्या आठवेना. तेव्हा मी चव घेतलीच नव्हती; बिया लांब थुंकण्याच्या नादात होतो.

"मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारून बघू," नातू म्हणाला. "त्यांच्याकडे जुन्या जाती राखलेल्या असतात म्हणे. एखादी काडी मिळाली तर पंपाच्या खोलीशेजारी लावू. वर्षाकाठी दोन घड आले तरी पुष्कळ."

तक्ते काढून हिशेब केला तर दोन घडांत काहीच परवडत नाही. पण या वेळी मी हिशेब केला नाही. तुळशीचे लग्न झाले की आम्ही दोघे मांजरीला जाणार आहोत.