प्रतिमेतला मेंदू, घरातला माणूस

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे कावेरी आणि कपिला, म्हणजेच काबिनी, या नद्यांचा संगम आहे. स्फटिक सरोवराचा तिसरा प्रवाह तेथे गुप्तरूपाने मिळतो अशी श्रद्धा असल्याने लोक त्याला त्रिवेणी म्हणतात. आयुष्यभर या घाटावर येणाऱ्या एखाद्या आजींना एके दिवशी घराची वाट आठवली नाही, तर घरचे म्हणतात, “वय झाले.” कारण अल्झायमर असेल, तर त्यांच्या मेंदूतील बदलांना तोवर बहुधा पंधरा-वीस वर्षे लोटलेली असतात.

हे बदल आज पाहता येतात. अमायलॉइड प्रथिनाचे थर पेट स्कॅनमध्ये दिसतात. टाऊ प्रथिनाचा माग रक्ताच्या थेंबांतही लागतो. आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस किती आक्रसला, हे एमआरआयवरून मोजता येते. मग साहजिक प्रश्न उभा राहतो : एवढी मापे हाती असताना पुढची वाटचाल आधी सांगता येईल का?

2017 मध्ये ‘टॅडपोल’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने हाच प्रश्न विचारला. उत्तर अमेरिकेत 2004 पासून चालू असलेल्या ‘एडीएनआय’ या दीर्घकालीन अभ्यासाची माहिती संशोधकांना देण्यात आली आणि भविष्यातील मोजमापे हाती येण्यापूर्वीच भाकिते मागवण्यात आली. 33 गटांनी 92 गणनपद्धती वापरल्या. पुढील रोगनिदान आणि मेंदूतील द्रवपोकळ्यांचे आकारमान यांची भाकिते चांगली उतरली. आकलनशक्तीच्या चाचणीतील गुणांचे भाकीत मात्र एकाही पद्धतीला निव्वळ अंदाजापेक्षा लक्षणीयरीत्या बरे करता आले नाही.

हा निकाल विचार करायला लावणारा आहे. पोकळी संथपणे आणि एकाच दिशेने वाढत जाते. तिचे गणित मांडता येते. चाचणीतले गुण मात्र झोप, थकवा, मनःस्थिती यांनुसार वरखाली होतात आणि वर्ष-दीड वर्षातला खरा ऱ्हास त्या चढउतारांत हरवून जातो. घरच्यांना पोकळीचे आकारमान नको असते. “पुढच्या दिवाळीला आई मला ओळखेल का?” एवढेच त्यांना विचारायचे असते.

दुसरी अडचण माहितीच्या उगमाची आहे. ‘एडीएनआय’मधील बहुसंख्य सहभागी गौरवर्णीय आणि उच्चशिक्षित होते. शाळेची पायरीही न चढलेल्या, कन्नड बोलणाऱ्या आजींना त्याच मापाने मोजले, तर निरक्षरतेलाच विस्मरण समजण्याची चूक घडू शकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यासाठी उसनी मोजपट्टी पुरणार नाही.

ती मोजपट्टी घडवण्याचे काम कर्नाटकातच सुरू आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्याचा संकल्प केला आहे. त्यात आकलनचाचण्या, रक्ततपासणी, जनुकीय माहिती आणि मेंदूचे एमआरआय यांचा समावेश आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन रुग्णालयाने तर 1934 पासूनच्या जन्मनोंदी जपल्या आहेत. बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर असे तपशील त्यांत आहेत, आणि तेथे जन्मलेल्या माणसांच्या उतारवयातील आकलनशक्तीचा अभ्यास त्यांच्या आधारे झाला आहे.

तोवर भाकितासोबत त्याची अनिश्चितताही सांगितली गेली पाहिजे. “सत्तर टक्के शक्यता” हे वाक्य हजार रुग्णांविषयी खरे असू शकते. समोर बसलेल्या एका माणसाला मात्र ते निकालासारखे ऐकू येते. प्रतिमा मेंदूची झीज दाखवते. त्या झिजलेल्या मेंदूनिशी आजी किती वर्षे स्वतःची भाकरी थापतील, हे शिक्षण, श्रवण, रक्तदाब, शेजार आणि सोबत यांवरही अवलंबून असते. या गोष्टी कोणत्याही स्कॅनवर उमटत नाहीत. त्यांची नोंद घेण्यासाठी कोणाला तरी दरवर्षी त्याच घरी जाऊन पुन्हा विचारपूस करावी लागते.