मीठ घालणारा हात

हातगुण हा शब्द गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. कौशल्य म्हटलं तर काहीतरी बाहेर राहतं, अनुभव म्हटलं तरी राहतंच. ‘शिकलेत फार, पण हाताला गुण नाही,’ असं आमच्या घरी एखाद्या डॉक्टरबद्दल सहज म्हटलं जायचं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजायचं.

आजी लोणच्याला स्वतः मीठ घालत नसे. कैऱ्या ती निवडायची, फोडी ती करायची, बरणी धुऊन उन्हात तीच ठेवायची. मीठ मात्र शेजारच्या काकूंनी घालायचं. काकू यायच्या, मुठीने मीठ परातीत सोडायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. माप असं काही नव्हतंच. एका वर्षी त्या माहेरी अडकल्या आणि आजीने नाइलाजाने स्वतः मीठ घातलं. लोणचं वर्षभर उत्तम टिकलं. आजी म्हणाली, “परात काकूंकडची होती ना.” पुढे एका वर्षी काकूंच्या हातच्या बरणीवर पांढरी बुरशी धरली. तेव्हा दोष पावसाला गेला, कारण तो आठ दिवस आधी आला होता.

आजीच्या या हिशेबाची मला आता धास्ती वाटते. मी तोच करते आहे. एखाद्या सर्जनचा बरा झालेला पेशंट भेटला की तो त्यांचा गुण. बरा न झालेला भेटला की मी मनात म्हणते, त्याचा आजारच पुढे गेलेला असेल.

कारण ताईच्या मानेसाठी आम्ही दोन सर्जनांना भेटलो. दोघांनीही तिच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून पाहिली आणि दोन्ही वेळा तिचा अंगठा आपोआप आत वळला. तिला ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, हेही दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. इथवर एकमत. मग पहिले म्हणाले, मान पुढून उघडू: गळ्याच्या बाजूने शिरून चकत्या काढायच्या आणि पट्टी बसवायची. दुसरे म्हणाले, मागून: मणक्यांच्या कमानी उचलून मज्जारज्जूला जागा करून द्यायची. एक मेंदूचे सर्जन, दुसरे हाडांचे. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? आमचं तुम्ही स्वतः करणार की हाताखालचं कुणी? चालू असताना नसांचे संदेश यंत्रावर बघत राहणार का? आणि नाहीच केलं तर? उत्तरं दोघांचीही चांगली आली. वही भरली, मी होते तिथेच राहिले.

आकड्यांवर विसंबावं, तर तेही पूर्ण साथ देत नाहीत. १९७९ साली लुफ्ट, बंकर आणि एंथोवन या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे १,५०० रुग्णालयांतल्या १२ प्रकारच्या शस्त्रक्रिया तपासल्या. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या काही शस्त्रक्रियांत, जिथे त्या जास्त होत होत्या तिथे मृत्यू कमी आढळले. सरावाने हाताला वळण पडतं, असा त्याचा सरळ अर्थ. पण उलटंही असू शकतं: हात मुळात चांगला, म्हणून लोक तिथे जातात आणि म्हणून आकडा वाढतो. काकूंना गल्लीभर बोलावणं असायचं, ते हातामुळे की बोलावण्यांमुळेच हात तसा झाला?

आकडे सोडून मी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. अतुल गोयल यांचं काम वाचत बसले. ताईचा त्रास त्यातल्या, कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांतला नाही, त्याखालच्या मणक्यांतला आहे. तरी वाचलं. ते दोन मणके एकमेकांवरून सरकले तर ते पट्टी आणि स्क्रूने जोडायची त्यांची पद्धत, डॉ. लाहेरी यांच्यासोबत त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात बदल केले आणि आज ती गोयल आणि हार्म्स या दोघांच्या नावाने जगभर केली जाते. परळमधल्या एका हाताचं काम कागदावर उतरलं आणि कुठल्या कुठल्या हातांत पोचलं. मग जे उतरलं तो हातगुण, की उतरायचं राहिलं तो?

तिथून मी बुद्धाच्या काळातल्या जीवक वैद्यापाशी गेले आणि अडकलेच. विनयपिटकातल्या महावग्गात ती कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचं डोकं वर्षानुवर्षं दुखत होतं. काही वैद्य म्हणाले, हा पाचव्या दिवशी जाईल. काही म्हणाले, सातव्या. जीवकाने विचारलं, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात आणि उताणं सात महिने पडून राहशील? तो हो म्हणाला. जीवकाने त्याला मंचकाला बांधलं, कवटी उघडली आणि दोन किडे काढून लोकांना दाखवले, एक मोठा आणि एक लहान. पाचवा दिवस सांगणाऱ्यांनी मोठा ओळखला होता, सातवा सांगणाऱ्यांनी लहान. सगळ्यांनी बरोबर पाहिलं होतं, असं जीवक स्वतःच म्हणतो. दोन सर्जन, दोन वाटा, आणि दोघंही बरोबर, ही शक्यता मला कुणी सांगितली नव्हती.

श्रेष्ठी प्रत्येक कुशीवर सातच दिवस टिकला. जीवकाला ते आधीच ठाऊक होतं. सात महिने सांगितले नसते तर सात दिवसही पडून राहिला नसतास, असं तो त्याला म्हणतो. म्हणजे खोटं बोलला. ही जागा आली की मी थांबते. मला तसा डॉक्टर हवा आहे का? पहिल्या सर्जनांनी सगळं सांगितलं: आवाज बसू शकतो, गिळायला त्रास होऊ शकतो, गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. दुसऱ्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “होईल नीट, काळजी करू नका.” मला राग आला. त्या रात्री ताई बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

मग मी कुणासाठी निवडते आहे? मान तिची, वही माझी. विचारलं की म्हणते, “तू ठरव, तुला कळतं.” ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आजवर काही ठरवायचं झालं की मीच तिला विचारत आले.

दोन्ही नंबर एकाच पानावर आहेत. सोमवारी एकाला फोन करायचा आहे. काल कैऱ्या आल्या. आजीनंतर आमच्या घरी मीठ ताईच घालते. परात पुढ्यात घेऊन बसली आणि मला म्हणाली, “यंदा तू घाल गं. माझ्या हातातून सांडतंय.” मी विचारलं, किती? तिने माझी मूठ दोन्ही हातांनी धरून पाहिली, थोडी सैल केली आणि म्हणाली, “एवढं. मग बघू.”

घातलं. ते बरोबर पडलं की नाही, हे कळायला महिना तरी लागेल. तोवर ऑपरेशनची तारीख येऊन गेलेली असेल.