रतीब

आमच्या घरी दुधाचा रतीब आहे. तो सुरू करताना मी दूधवाल्याशी एकच वाक्य बोललो होतो, "उद्यापासून एक लिटर घालत जा." मध्यंतरी आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो आणि 'नको' म्हणून सांगायचे विसरलो. परत आलो तो दाराशी चार पिशव्या, त्यांच्याभोवती मुंग्यांची रांग आणि शेजारच्या काकूंच्या चेहऱ्यावर हसू! दूधवाल्याला बोल लावायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, घाल म्हणालात, घातलं. बंद म्हणाला असतात तर बंद केलं असतं."

त्याचे काहीच चुकले नव्हते. रतीब सुरू करायला एक शब्द लागतो आणि थांबवायला दुसरा. हा दुसरा शब्द आपण विसरतो, एवढेच. पण या विसरण्याची किंमत नेहमीच चार पिशव्यांवर भागते असे नाही.

माझ्या घरात दूधवाल्यासारखाच आणखी एक इमानी गडी आहे. तो माझ्या जुन्या कॉम्प्युटरात राहतो. त्याचे नाव क्रॉन. काळाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, तीत हा गडी होता. आणि आज जगातली असंख्य यंत्रे त्याच्या वंशजांच्या भरवशावर रात्री निर्धास्त असतात. दर मिनिटाला तो जागा होतो, आपली यादी पाहतो, या मिनिटाचे काम असेल तर ते उरकतो आणि पुन्हा डोळे मिटतो.

त्याच्या यादीतल्या प्रत्येक ओळीत वेळेचे पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. जिथे 'कोणताही चालेल' असे सांगायचे, तिथे एक चांदणी काढायची. चार आकडे आणि एक चांदणी घातली, की वर्षातले एक नेमके मिनिट त्याच्या हवाली होते.

आता नीट पाहा. या पाच रकान्यांत वर्षाचा रकाना नाही. 'दरसाल' त्याला कळते. 'यंदा' कळत नाही. एकदाच करायच्या कामासाठी त्याच युनिक्समध्ये 'अ‍ॅट' नावाचा निराळा गडी आहे. तो सांगितल्या वेळी काम करतो आणि ती चिठ्ठी फाडून टाकतो. क्रॉन चिठ्ठी फाडत नाही. जावास्क्रिप्ट या भाषेतही हा भेद आहे. 'सेटटाइमआउट' म्हटले की काम एकदाच होते. 'सेटइंटरव्हल' म्हटले की ठराविक अंतराने होत राहते, आणि ते आपल्या हाती एक क्रमांक देते. थांबवायचे झाले तर तो क्रमांक दाखवावा लागतो. रतिबाची पावतीच म्हणा ना!

हे सारे मला ठाऊक होते. तरीही २०२३ साली मी आळस केला. 'तात्पुरते' नावाच्या एका फोल्डरात बरीच अडगळ साठली होती. पण त्यातले काही आणखी आठवडाभर लागणार होते. म्हणून १२ नोव्हेंबरच्या पहाटे अडीच वाजता ते रिकामे करावे, अशी ओळ मी क्रॉनच्या यादीत टाकली. तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. सकाळी पाहिले, फोल्डर लख्ख! घर झाडल्याचे समाधान मानून मी ती ओळ विसरून गेलो.

पुढच्या वर्षी भाऊबीज आटोपून आजोळी गेलो. मामीने ऐंशी ओलांडली आहे. गावात विजेची गिरणी येऊन कैक वर्षे झाली. जाते आता लग्नाच्या हळदीपुरते बाहेर निघते. ते तिने माझ्यासाठी मांडले आणि दोन तास ओव्या म्हटल्या. मी त्या फोनवर टिपून घेतल्या. घरी आलो, तर फोनमध्ये जागा उरलेली नव्हती. ओव्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, फोनवरून पुसल्या. सवडीने नावे देऊन लावू, तोवर राहू देत म्हणून त्या ठेवल्या कुठे? 'तात्पुरते'मध्येच.

१२ नोव्हेंबर २०२४. कार्तिकी एकादशी. पहाटे अडीच वाजता माझा गडी उठला आणि त्याने सांगितलेले काम केले. ना कुरकुर, ना आवाज.

पुसलेले परत मिळवण्याचे सगळे उपाय करून पाहिले. हाती काही तुकडे आले. त्यांत घरघर होती, मामी नव्हती. महिनाभर मी तिला फोन करू शकलो नाही. अखेर डिसेंबरात स्वतःच गेलो आणि खाली मान घालून सांगितले.

"अरे, मग त्यात काय एवढं?" ती म्हणाली, "जातं मांड."

"मामी, इथे खुर्चीवर बसूनच म्हण ना. दमशील."

"हात फिरल्याशिवाय आठवत नाही रे बाळा."

ती पुन्हा बसली. पण दिवाळीत म्हटलेल्या सगळ्या ओव्या आल्या नाहीत. दोन-तीनदा हात थांबला, ती भिंतीकडे पाहत राहिली आणि मग पुढचीच ओवी लागली. तिच्या धाकट्या बहिणीवरची एक होती; ती मी मुद्दाम विचारली. "ती होय? आज येत नाही," म्हणाली. मात्र दिवाळीत नसलेली एक ओवी आली. तीत वाट चुकून उशिरा आलेल्या भाच्याचे नाव होते. माझे.

ती ध्वनिफीत आता तीन ठिकाणी आहे. क्रॉनच्या यादीतली ती ओळ मी काढली आहे, आणि नवी ओळ लिहिताना 'कधीपर्यंत?' असे स्वतःला विचारतो. बहिणीवरची ओवी मात्र गेली ती गेलीच.

परवा वाटले, दर कार्तिकी एकादशीला मामीकडे जायची आठवण या गड्यालाच सांगून ठेवावी. यादी उघडली. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तिथीचा रकाना नाही! मग उठलो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी शोधून तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.