रिकाम्या उत्तराचा अर्थ

पावसाळ्यात आम्हा बदलापूरकरांच्या फोनवर उल्हास नदीच्या पातळीचा आकडा फिरत असतो. बाहेरगावच्या माणसाला नुसतं ‘१६.८०’ पाठवलं तर त्याला त्यातून काही उमगणार नाही. आमच्या इथल्या सोनिवलीत राहणारा मात्र सावध होतो. इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर हे त्याला पाठ असतं. तो लगेच विचारतो, आकडा किती वाजताचा? पाणी चढतंय की उतरतंय? २००५ आणि २०१९ च्या जुलैतला पूर पाहिलेल्या गावाला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत. आकड्याला अर्थ देणारं हे सगळं त्या संदेशात कुठेच लिहिलेलं नसतं.

असं न लिहिलेलं ज्ञान लिहून काढणं, हे अलीकडे माझ्या कामाचं मुख्य अंग झालं आहे. सर्व्हरवर नजर ठेवणारी आमची यंत्रणा प्रोमेथियसवर चालते. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालेली ही प्रणाली आज जगभर वापरली जाते. तिला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे प्रोमक्यूएल. आजवर हे प्रश्न माणसं विचारत होती. त्यांच्यासमोर आलेख असायचा आणि अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता यायचं. आता तेच प्रश्न एआय एजंटही विचारतो. एजंटला अशा यंत्रणांशी जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि त्याला काय-काय द्यायचं याचा आराखडा असतो. आमच्या यंत्रणेशी एजंटची ओळख त्या वर्णनातल्या, मी लिहिलेल्या मोजक्या वाक्यांतूनच होते.

प्रोमक्यूएलचं व्याकरण एजंटला येतं, ते पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. आमचं घर मात्र त्याला ठाऊक नाही. कोणतं माप सेकंदांत आणि कोणतं मिलिसेकंदांत, कोणता आकडा सतत वाढत जाणारा आणि कोणता वरखाली होणारा, हे लिहायलाच हवं. वेळेचं उदाहरण घ्या. ‘रात्री अडीचला काय झालं?’ असं ऑन-कॉलवरचा, म्हणजे त्या वेळी यंत्रणेची जबाबदारी असलेला माणूस विचारतो तेव्हा त्याच्या मनात भारतीय वेळ असते. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, म्हणजे तारीखसुद्धा बदलते. एजंटने अडीच तसेच पाठवले, तर टूल कुठलीही तक्रार न करता भलत्याच वेळेचे अचूक आकडे देईल. म्हणून वर्णनात वेळ यूटीसीमध्ये द्या एवढं सांगून मी थांबत नाही, रूपांतराचं एक पूर्ण उदाहरणही देतो.

सगळ्यात जास्त विचार मी करतो तो रिकाम्या उत्तराचा. मापाच्या नावात एक अक्षर चुकलं तरी प्रोमेथियस ‘यशस्वी’ म्हणतो आणि रिकामी यादी देतो. एखाद्या प्रकारची चूक अजून एकदाही घडली नसेल, तर तिची मोजणीच सुरू झालेली नसते. तेव्हाही यादी रिकामीच. सर्व्हर बंद पडून आकडे येणं थांबलं, तरी काही मिनिटांत उत्तर रिकामं. चुकलेलं नाव, निरोगी यंत्रणा आणि मेलेला सर्व्हर, तिघांचा चेहरा एकच. अनुभवी माणसाला इथे शंका येते. एजंटला ती यावी म्हणून ती लिहून ठेवावी लागते. माझी ओळ अशी असते: ‘उत्तर रिकामं आलं तर सगळं ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. आधी या नावाचं माप अस्तित्वात आहे का ते पाहावं, मग अप या मापावरून सर्व्हरकडून आकडे येत आहेत का ते तपासावं.’

चूक दाखवणारा संदेश हाही लेखनाचाच भाग. एका आलेखरेषेवर ११,००० पेक्षा जास्त बिंदू मागितले तर प्रोमेथियस नकार देतो. दर १५ सेकंदांना एक असे दोन दिवसांचे बिंदू ११,५२० होतात. पण तो नुसता नकार देत नाही, बिंदूंमधलं अंतर बदलून पाहा असंही सुचवतो. त्यामुळे एजंट पुढच्या खेपेला स्वतःच वाट काढतो. आमच्या टूलचा प्रत्येक नकार असाच पुढची पायरी सांगणारा असावा, असा माझा आग्रह असतो.

उदाहरणं निवडताना मी फार काळजी घेतो, कारण एजंट ती जशीच्या तशी उचलतो. वाढीचा वेग काढायला त्या कालखंडात निदान दोन नोंदी लागतात. नोंद दर मिनिटाला होत असेल तर एका मिनिटाच्या कालखंडात बहुधा काहीच हाती लागत नाही. म्हणून माझ्या उदाहरणात पाच मिनिटं असतात. शिवाय हे वर्णन एजंटला दर वेळी सोबत वागवावं लागतं, त्यामुळे ते लांबवून चालत नाही. टूलची स्तुती मी गाळतो, मर्यादा ठेवतो.

असं लिहिलेलं पान आमच्याकडे नव्याने आलेली मुलंही वाचतात, आणि त्यांनाही ते तितकंच उपयोगी पडतं. आपसांत सगळ्यांना माहीत असलेलं आपण कागदावर उतरवत नव्हतो, ते एजंटच्या निमित्ताने उतरलं. त्या पानाची शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते: ‘तपासलं, पण माहिती मिळाली नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, ते तसंच द्यावं. मध्यरात्री निर्णय घेणाऱ्या माणसाला खोट्या दिलाशापेक्षा ही कबुली जास्त उपयोगी पडते, आणि ती देण्याची मुभा टूलच्या वर्णनातच असली पाहिजे.