घोट्याएवढं पाणी

येलदरी धरण भरलं की आमच्या जिंतूर तालुक्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात. अशा वेळी 'आता पाणी जरा उतरू दे' असं कुणी बोलला तर लोक त्याला गावात राहू देणार नाहीत. म्हणून मी ते मनातल्या मनात म्हणतो.

आमच्या चारठाण्याला बाहेरचे लोक येतात ते हेमाडपंती देवळं आणि बारव पाहायला. पाखरांसाठी मात्र आम्हालाच जिंतूर ओलांडून येलदरीच्या फुगवट्यावर जावं लागतं. धरण काठोकाठ असताना तिथं फारसं काही नसतं. वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके लांबवर तरंगतात, एवढंच. शेकाट्या, तुतवार, चित्रबलाक ही पायांवर पोट भरणारी मंडळी. त्यांना घोट्याएवढं पाणी हवं आणि खाली मऊ गाळ. तो मिळतो पौष-माघात, पाणी मागं सरकल्यावर.

यामागचं गणित मला कळलं ते ऐरोलीत. भाचा तिथं नोकरीला. म्हणाला, "मामा, तुम्हाला फ्लेमिंगो दाखवतो." वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते आणि तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं, हेच मराठवाड्यातल्या माणसाला आधी पचत नाही! आमच्याकडे ते वर्षातून एकदा येतं, तेही आलं तर.

तिवरांच्या कडेनं बोट पुढं गेली, इंजिन बंद झालं आणि समोरचा चिखल गुलाबी दिसला. एक पक्षी अगदी जवळ होता, गडद लाल चोचीचा. म्हणजे लहान रोहित, लेसर फ्लेमिंगो. मान खाली सोडून त्यानं चोच उलटी धरली होती, वरचा भाग खाली. तशीच ती पाण्यात इकडून तिकडे फिरवत तो चालला होता. चोचीच्या आत गाळणी असते, तीत बारीक शेवाळ अडकतं. मुंबईच्या सांडपाण्यावर हे शेवाळ माजतं, ही गोष्ट ऐकून बोटीतल्या एका बाईंनी नाक मुरडलं. रोहिताला त्याचं काही नव्हतं.

2015 मध्ये खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये ठाणे खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. पण भरती चढली की तिथला चिखल बुडतो आणि थवे विसाव्यासाठी नेरूळच्या उथळ तलावांकडे उडतात. हे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव आटला आणि त्या भागात रोहित मरून पडले. कुणी बंदूक चालवली नव्हती. पाण्याची वाट तेवढी बंद झाली होती. मला विचाराल तर पाणथळ सांभाळणं म्हणजे मुख्यतः हेच: पाणी कुठून येतं, किती खोल उभं राहतं आणि कधी जातं, यावर लक्ष ठेवणं. फलक आणि कुंपण नंतर.

खाडीत पाणी आणण्या-नेण्याचं काम चंद्र करतो, माणसानं आड येऊ नये एवढंच. येलदरीत चंद्राचं काही चालत नाही. पूर्णेचं पाणी किती आणि कधी सोडायचं हे रब्बीच्या पाळ्या ठरवतात, आणि ते रास्तच आहे. गहू-हरभऱ्याच्या आधी पाखरं, असं म्हणायला मीही धजणार नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यात साचलेल्या गाळावरच पाणथळ झालं. जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तेव्हा धरण आणि पाखरं यांचं मुळातच वाकडं आहे, असं नाही.

अडचण गाळपेराची आहे. पाणी हटलं की उघडी पडलेली जमीन वर्षाच्या करारानं कसायला मिळते आणि नांगर थेट पाण्याच्या ओठापर्यंत जातो. फुगवट्यावरच्या एका शेतकऱ्याशी मी हा विषय काढला. तो हसला. "गुरुजी, पाण्यानं जागा सोडली की आम्ही धरतो. पाखरांनी सातबारा दाखवावा."

मी म्हटलं, "सगळी नको, काठची दहा पावलं सोड."

"मी सोडीन हो. शेजारचा सोडंल का?"

त्याचं बरोबर होतं. एकट्यानं सोडलेली पट्टी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या टरबुजात जाते. ती करारातच लिहिलेली हवी, म्हणजे सगळ्यांनाच लागू. तसा अर्ज मी लिहून ठेवलाय. त्यावर पहिली सही त्यानं केली. दुसरी मिळवायला शेजाऱ्याकडे मला त्यालाच घेऊन जावं लागणार आहे.