घाटमाथ्यावरचें पाणी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कोणा नवख्या गृहस्थाची ओळख झाली म्हणजे गांवाचें नांव विचारण्याच्या आधीं एक प्रश्न हटकून येतो : "आपण घाटावरचे कीं घाटाखालचे?" जिल्ह्याचे तालुके १३. त्यांपैकीं बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगांवराजा हे ६ घाटावर. आणि मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव-जामोद व संग्रामपूर हे ७ घाटाखालीं. मधली सीमा म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग. बुलढाणा शहर तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलेलें आहे. उत्तरेस डोंगर एकाएकीं तुटतो आणि खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळें मैदान पसरतें. भूगोल व संस्कृत या विषयांचा शिक्षक या नात्यानें ही रांग मीं फळ्यावर खडूनें किती वेळां काढली असेल याची गणती नाहीं. तथापि तिच्यावरून माझें जें जाणें-येणें झालें तें सारें मोटारींत बसूनच. घाट पायांनीं चढण्याचा योग निवृत्तीनंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आला.

त्याचें निमित्त सांगावयास थोडें अवघड वाटतें. आम्ही दोघे बंधु वडिलांच्या घरांत एकत्र राहतों. मुलांचे संसार वाढले, पंक्तीचीं पानें वाढलीं, आणि गेल्या उन्हाळ्यांत वाटणीची गोष्ट निघाली. भांडण म्हणावें असें कांहीं झालें नाहीं. कागदाचा मसुदा झाला. अंगणांतून भिंत कोठून जावी याची दोरीही धरून झाली. परंतु त्या दिवसापासून जेवतांनाचें बोलणें "वाढा" आणि "पुरे" एवढ्यावर आलें. तें पाहून माझ्या नातीनेंच बेत काढला : श्रावणांतल्या एका शनिवारीं सर्वांनीं मोताळ्यास धाकट्या भावजयीच्या माहेरीं मुक्कामास जावें, आणि रविवारीं सकाळीं राजूर घाटाच्या अंगानें डोंगर चढून पायींच घरीं यावें. मुलीचा शब्द कोणास मोडवला नाहीं. लहान-मोठीं मिळून आम्ही अकरा माणसें निघालों. भावजयीचे बंधु वाटाड्ये म्हणून बरोबर आले.

राजूरपर्यंत मोटारीनें येऊन तेथून सडक सोडली आणि गुराख्यांची पायवाट धरली. हाच डोंगर वैशाखांत पाहावा तर उघडा, काळा व तापलेला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमि फाटून जो तप्त रस पसरला त्याचाच हा थिजलेला पाषाण. सालई, धावडा, साग यांच्या तेव्हां नुसत्या काटक्या उभ्या असतात. आतां मात्र पानांतून आकाश दिसत नव्हतें. वाटेच्या कडेस तेरडा फुलला होता, आणि लहानमोठ्या प्रत्येक धोंड्यावर शेवाळाची मऊ, हिरवीगार लव चढलेली होती.

ही खडकावरची लव मोठी विलक्षण वस्तु आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी ग्रंथांत तिला शेवाळी म्हणतात. तिला खरीं मुळें नसतात. चिमुकल्या पानांनींच ती पाणी पिते. महाबळेश्वरीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्यांत त्याचें मान सातशें-आठशेंचें. म्हणून सह्याद्रीच्या शिखरांवर जी हिरवळ दीर्घकाळ टिकते, ती येथें पावसाच्या तीन-चार महिन्यांचीच पाहुणी. उरलेला काळ ती काळपट खपलीसारखी दगडास चिकटून असते. पाहणारा म्हणतो, मेली. परंतु ती मेलेली नसते. पाणी मिळतांच पुन्हां हिरवी होते.

आमच्या संस्कृत काव्यांत कमळाभोंवतीं शैवल शोभतें. तें तळ्यांतलें निराळें आणि पायाखालचें निराळें, हें ज्ञान मला निम्म्या चढावर झालें! एका ओल्या धोंड्यावर पाऊल ठेवलें मात्र, आणि मी गुडघ्यावर आपटलों. धाकटा बंधु दहा पावलें पुढें, एकटाच चालला होता. सकाळपासून आमचें बोलणें झालें नव्हतें. तो वळला, खालीं आला, माझ्या काखेंत हात घालून मला उभें केलें आणि म्हणाला, "दादा, हिरव्यावर पाय नको. धारेवर ठेवा." याहून अधिक बोलला नाहीं. परंतु तेथून माथ्यापर्यंत जेथें जेथें निसरडें आलें तेथें तेथें तो थांबे आणि मागें न पाहतां हात पुढें करी. मी तो धरीत असें. लहानपणीं नदीवर पोहावयास जातांना हात मी धरीत असें आणि मागें तो असे, एवढाच काय तो फरक.

वाटेंत एका सपाटीवर दशम्या व जवसाची चटणी सोडली. पुतण्यानें मुलांस वाघाची गोष्ट सांगितली, आणि ती कल्पित नाहीं. याच रांगेंत, बोथ्याच्या बाजूस ज्ञानगंगा अभयारण्य आहे. गळ्यांत यंत्राचा पट्टा घातलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं यवतमाळकडील टिपेश्वरचें जंगल सोडून निघाला व तीन हजार किलोमीटरांहून अधिक भटकून वर्षअखेरीस तेथें येऊन राहिला. "त्याला घरची आठवण येत नसेल?" असें धाकट्या नातवानें विचारलें. कोणीं उत्तर दिलें नाहीं.

माथ्यावर पोंचलों तों सर आली. नातीनें तळहात पुढें करून विचारलें, "आजोबा, हा थेंब कोणत्या समुद्रास जाणार?" हा तर माझा जन्माचा पाठ! मीं सांगितलें : उत्तरेकडे उतरेल तें पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेनें पूर्णेस, पूर्णा चांगदेवापाशीं तापीस, आणि तापी सुरतेकडे पश्चिम समुद्रास. दक्षिणेकडे वळेल तें पैनगंगेंत; म्हणजे आपल्या येळगांवच्या धरणांतून मेहकरावरून वर्धेस, मग प्राणहिता, गोदावरी आणि पूर्वसमुद्र. "मग ती वाटणीची रेघ कोठें आहे?" तिनें विचारलें.

मीं पाहिलें. नकाशांत रेघ ठळक असते. फळ्यावर मीं ती लाल खडूनें काढीत असें. येथें गवताळ सपाटी होती, गुरांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी सांचलें होतें, आणि त्या पाण्यास अजून कोणतीच दिशा नव्हती. "येथें दाखवितां येत नाहीं, बाळ," असें मला कबूल करावें लागलें. बंधु जवळच उभा होता. तोही त्या खळग्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

ज्यांस हा घाट चढावयाचा असेल त्यांनीं उजाडतां निघावें, माहितगार बरोबर घ्यावा, गुळगुळीत तळाचीं पादत्राणें टाळावीं आणि धबधब्याजवळच्या खडकांवर मुलांस जाऊं देऊं नये. श्रावण-भाद्रपदाबाहेर ही शोभा दिसावयाची नाहीं.

त्या रात्रीं जेवतांना बंधु कोणाकडेच न पाहतां म्हणाला, "दोरी विहिरीवरून गेली आहे. पुन्हां धरावी लागेल. विहीर मधें नको." माझ्या पत्नीनें त्याच्या पानांत न विचारतां भात वाढला, आणि त्यानें "पुरे" म्हटलें नाहीं.

वाटणीचा कागद दिवाळीनंतर व्हावयाचा आहे, आणि तो होईलही. दोन चुली झाल्या म्हणून घर बुडत नाहीं. पुढल्या श्रावणांत पुन्हां घाट चढावयाचें मात्र ठरलें आहे, आणि त्यासाठीं बंधूनें वेळूच्या दोन काठ्या आतांच तासून ठेवल्या आहेत.