उतारावर पायी

अब्बांच्या जनाज्याला जेमतेम पंधरा-वीस माणसं होती. २०२१ चा एप्रिल महिना. नमाजेआधी थोरल्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "मरहूमकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर सांगा, आम्ही फेडू." तोंडाला रुमाल बांधलेली माणसं अंतर राखून गप्प उभी राहिली. ती सगळी मोहल्ल्यातली होती, आणि अब्बांचा व्यवहार मोहल्ल्यात कधी नव्हताच. तो होता दौलताबाद, खुलताबाद, सुलीभंजन आणि म्हैसमाळच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर. चाळीस वर्षं सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची पेटी बांधून त्यांनी ही फेरी केली. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांच्यापर्यंत आमचा प्रश्न पोचलाच नाही.

आम्ही तिघं. दोन भाऊ आणि एक बहीण. तिघांच्याही हातात पेटी आली नाही. अब्बांनीच येऊ दिली नाही. त्यांची वही मात्र आमच्या हातात आली, तीही तीन वर्षांनी, घराला रंग देताना. घरात अब्बा दखनी बोलत. वही मराठीत लिहीत. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. नावेच्या बाजूला पानंच्या पानं भरलेली. त्यातलं बहुतेक सुगीवर फिटायचं, काही कधीच फिटायचं नाही, आणि त्याबद्दल अब्बांनी घरात कधी तक्रार केली नाही. शेवटच्या पानावर मात्र जमेच्या बाजूला एकच नोंद होती. "टेकडीवरली माय. हिरवा चुडा. ३००." गावाचं नाव नाही. तारीख मार्च २०२० ची. आठ-दहा दिवसांत टाळेबंदी लागली आणि अब्बांची सायकल अंगणातून हलली नाही ती नाहीच.

म्हणजे कुणीतरी आगाऊ पैसे दिले होते आणि चुडा पोचला नव्हता. आमच्यात कर्जाची गोष्ट हलकी नसते. मरणाऱ्याच्या मालमत्तेतून आधी त्याचं देणं फेडायचं, मग वारसांची वाटणी. आम्ही तर घर वाटूनही घेतलं होतं.

थोरल्याला साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून आम्ही सायकली घेतल्या होत्या आणि रविवारी सकाळी शहराबाहेर पडत होतो. रुंद टायरच्या, मुरमाच्या नि खडीच्या वाटेवर चालणाऱ्या. दुकानदार त्यांना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. आमच्या सायकलींचे टायर चाळीस मिलिमीटरचे. घरी येऊन अब्बांच्या काळ्या सायकलचा टायर पाहिला. त्यावर अठ्ठावीस गुणिले दीड इंच असं लिहिलेलं. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. नवं म्हणून आम्ही जे विकत घेतलं ते अंगणात भिंतीला टेकून उभंच होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही वही घेऊन निघालो. दौलताबादपर्यंत डांबरी रस्ता, गाड्यांची वर्दळ. किल्ल्याच्या तटाला वळसा घालून पुढे गेलं की डाव्या-उजव्या हाताला गाडीवाटा फुटतात. खरा प्रवास तिथून सुरू होतो. खेड्यातला रस्ता आधी खडीचा होतो, मग त्यावर मुरूम पडतो, रोलर फिरतो, आणि नंतर कधीतरी डांबर येतं. मधल्या कुठल्याही पायरीवर तो वर्षानुवर्षं थांबू शकतो. मुरूम दबलेला असेल तर सायकल मजेत पळते. सुटी खडी असेल तर पुढचं चाक आपलं ऐकत नाही. म्हणून आम्ही चाकातली हवा थोडी कमी करतो. टायर दगडावर बसतो, उडत नाही. अब्बाही पेटी भरलेली असली की पंपाचे चार दट्टे कमी मारायचे. लहानपणी आम्हाला तो त्यांचा आळस वाटे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. वहीत गुरुवारच्या फेरीचा क्रम होता, आणि तो नकाशाशी जुळत नव्हता. खुलताबादजवळच्या वस्त्या शेवटी, लांबच्या आधी. घरी बसून आम्ही त्यावर डोकं खाजवलं होतं. सुलीभंजनकडून परतताना एका उतारावर धाकट्याची सायकल खडीवर घसरली, कोपर सोललं, आणि बहीण पटकन म्हणाली, "अब्बांची पेटी असती तर?" तेव्हा उलगडलं. माणूस चढाला दमतो म्हणून तिथे उतरून चालतो. काच मात्र उतारावर फुटते. जुन्या सायकलचे सळीचे ब्रेक खडीवर धरत नाहीत. चाक उडालं की पेटीत चुरा. म्हणून अब्बा भरली पेटी घेऊन लांबच्या मुरमाच्या वाटेनं हळूहळू चढत, आणि खडीच्या उताराला पेटी हलकी झाल्यावर, तेही पायी, येत. त्यांची सगळी फेरी काचेनं आखलेली होती.

त्या हिशेबानं "टेकडीवरली माय" कुठल्या बाजूला असणार, याचा अंदाज आला.

वाटेत प्रत्येक वस्तीवर थांबून विचारलं, "मन्यारभाईंकडे तुमचं काही राहिलंय का?" हेल्मेट काढेपर्यंत लोक आम्हाला पर्यटक समजत. नंतर उत्तर ठरलेलं, "त्यांचंच आमच्याकडं राहिलं असंल, बाबा." कागजीपुऱ्यात, जिथे आजही हातकागदाचं नाव निघतं, एका म्हाताऱ्यानं वहीचं पान बोटांत धरून पाहिलं आणि हा आपला कागद नव्हे, एवढंच सांगितलं.

हा मुलूखच देण्याघेण्याचा आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद झालं. दिल्लीहून आलेल्या सुफींपैकी बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलताबादेत विसावले. परंपरा सांगते की दौलताबादचे चांद बोधले हे जनार्दनस्वामींचे गुरू, जनार्दनस्वामी एकनाथांचे, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. एकनाथांनी तप केलं ते सुलीभंजनला. ज्या वाटेवर अब्बा बांगड्या नेत, तिच्यावरून हे सगळं आधीच येऊन-जाऊन झालेलं.

आणि खुलताबादेत औरंगजेब. १७०७ मध्ये तो अहमदनगरला गेला आणि इथे जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. कबर साधी, उघड्या आकाशाखाली. त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात, टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनाला वापरा, असं आहे म्हणतात. टोप्यांचा हिशेब चुकता झाला. दख्खनेतल्या पंचवीस वर्षांच्या लढायांचा झाला नाही. तो चार रुपये दोन आण्यांत बसणाराही नव्हता. चहाच्या टपरीवर एकानं आम्हाला सहज विचारलं, "तुमच्या बादशहाची कबर बघायला आले का?" आम्ही सांगितलं, "नाही, आमच्या बापाची उधारी बघायला आलोत." तो हसला, आम्हीही हसलो. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

दुपारी माय सापडली. टेकडीवर चार घरं, लिंबाचं झाड. प्रश्न ऐकून ती आधी बोललीच नाही. मग म्हणाली, "हायेत तीनशे. पर मी कुणाला बोलले नव्हते. मेलेल्या माणसावर कशाला बोलायचं?" चुडा तिच्या लेकीच्या लग्नाचा होता. लग्न टाळेबंदीत पाच माणसांत उरकलं, बांगड्या शेजारणीच्या घातल्या. थोरल्यानं पैसे पुढे केले. तिनं हात मागे घेतले. "पैसे नको. लेक पोटुशी हाय, पाडवा झाला की डोहाळजेवण हाय. चुडाच आना. माप माझ्याच हाताचं." बहिणीनं तिचा हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबून पाहिलं आणि "दोन-सहा" म्हणाली. अब्बांनी तिला एवढंच शिकवलेलं होतं.

पंधरा दिवसांत येतो, असं सांगून आम्ही निघालो.

आम्ही गेलो नाही. मार्च उजाडला आणि कबर हटवण्याची मागणी सुरू झाली. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. खुलताबादेत पोलिसांचा बंदोबस्त वाढला. नातेवाइकांचे फोन आले : सायकली घेऊन त्या बाजूला फिरू नका, नाव विचारलं तर काय सांगाल? हिरव्या बांगड्यांचा पुडा कपाटावर पडून होता. आम्ही घाबरलो, हे इथे लिहायलाच हवं. ज्या वाटेवर आमचा बाप चाळीस वर्षं आपलं नाव सांगत फिरला, तिच्यावर जायला आम्हाला बातम्या बघाव्या लागत होत्या. रोजे आहेत, ऊन आहे, अशी कारणं आम्ही एकमेकांना देत राहिलो, आणि एकमेकांची कारणं खोटी आहेत हे तिघांनाही कळत होतं.

त्या वर्षी पाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ ला. ईदच्या रात्री अम्मी शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवत एवढंच म्हणाली, "त्या मुलीचं डोहाळजेवण होऊन जाईल." चौथ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. अब्बांची पेटी धाकट्याच्या सायकलला बांधली, चुडा जुन्या लुगड्यात गुंडाळून आत ठेवला. लांबच्या मुरमाच्या वाटेनं गेलो. नाव कुणी विचारलं नाही. एका ठिकाणी पोलिसानं थांबवून सायकलची किंमत तेवढी विचारली.

माय दारातच होती. "पंधरा दिवस म्हनले होते," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "रमजान होता." ते अर्धंच खरं होतं. तिनं आमच्याकडे बघितलं आणि उरलेलं अर्धं विचारलं नाही. डोहाळजेवण दोन दिवसांवर होतं. लेक माहेरी आलेली. बहिणीनं ओट्यावर बसून तिच्या हातात चुडा भरला. एकही बांगडी वाढवली नाही.

निघताना मायनं धडप्यात बांधून दोन शेर तूर दिली. नको म्हणालो तर रागावली. उताराला आम्ही तिघंही सायकली हातात धरून पायी उतरलो. पेटीत आता काच नव्हती, तरीही.

घरी येऊन थोरल्यानं तीनशेची नोंद खोडली आणि जमेच्या बाजूला नवी लिहिली : तूर, दोन शेर. या वेळी गावाचं नावही लिहिलं.